मिरचीचे देठ, चाळीस कुंडल्या आणि एक वही : वैज्ञानिक पद्धत प्रत्यक्ष वापरायची कशी?

हिरव्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकून ठेवले की विरजणाशिवाय दही लागते, असे अनेक घरांत सांगितले जाते, आणि कोणी ना कोणी ते करून पाहिलेलेही असते. रात्री देठ टाकले, सकाळी दूध घट्ट झाले. आता यात तपासायचे काय उरले, असे कोणालाही वाटेल. वैज्ञानिक पद्धतीचे काम नेमके इथूनच सुरू होते. देठ टाकले नसते तर ते दूध सकाळी तसेच राहिले असते का, हे आपण पाहिलेले नसते. त्याच पातेल्यात आदल्या दिवशी दही होते का, आणि ते घासताना कडेला थोडे राहून गेले होते का, हेही आपल्याला ठाऊक नसते.

शाळेच्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धतीचा एक तक्ता असतो: निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. तक्ता चुकीचा नाही, पण वैज्ञानिकांचा बहुतेक वेळ ज्या कामात जातो त्याचा त्यात पत्ता नसतो. ते काम म्हणजे आपण स्वतःचीच फसगत करून घेऊ नये यासाठी आधीपासून केलेला बंदोबस्त. तो कसा करायचा, हे या लेखात दोन उदाहरणे शेवटपर्यंत सोबत ठेवून पाहू. पहिले उदाहरण दह्याचे आहे. ते कोणालाही स्वयंपाकघरात करता येईल. दुसरे पुण्यात २००८ साली झालेल्या फलज्योतिषाच्या चाचणीचे आहे. तिच्या मांडणीत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे यांचा सहभाग होता. नवशिक्याला शिकण्यासाठी मराठी मुलखातले इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पहिली पायरी : प्रश्न उत्तर देता येईल असा करून घ्यावा

‘मिरचीच्या देठाने दही लागते का?’ हा प्रश्न ऐकायला सरळ असला तरी तपासायला निसरडा आहे. किती देठ, किती दूध, दूध किती कोमट, किती तास, आणि ‘लागले’ म्हणजे नेमके काय? हे ठरलेले नसेल तर प्रयोगानंतर प्रत्येक जण आपल्या सोयीचे उत्तर काढतो. थोडेसे दाट झालेले दूध देठावर विश्वास असलेल्याला दही वाटते आणि नसलेल्याला नासलेले दूध.

म्हणून प्रश्न असा लिहून काढावा: उकळून सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत निवू दिलेल्या १०० मिलिलिटर दुधात ताज्या हिरव्या मिरचीचे दोन देठ ठेवले, तर देठ नसलेल्या तशाच दुधाच्या तुलनेत ते बारा तासांत अधिक वेळा घट्ट होते का? ‘घट्ट’ची व्याख्याही तिथेच लिहावी, उदाहरणार्थ, वाटी अर्धी तिरकी केली असता पृष्ठभाग घसरत नाही, कवडी अखंड राहते आणि दुधाचे पाणी व चोथा असे वेगळे झालेले नाही. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण नासलेले दूध आणि लागलेले दही या वेगळ्या गोष्टी असूनही दुरून दोन्ही ‘झाले’ असेच दिसते.

पुण्याच्या चाचणीतही खरी करामत प्रश्नाच्या निवडीत होती. ‘ज्योतिष खरे का?’ या प्रश्नावर रात्रभर वाद घालता येतो, पण त्याची चाचणी घेता येत नाही. त्यामुळे चाचणी करणाऱ्यांनी ज्योतिषाचाच एक दावा उचलला. कुंडलीवरून व्यक्तीची बुद्धी कळते असे म्हणतात. तर मग शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली मुले आणि बौद्धिक अक्षमतेमुळे विशेष शाळेत जाणारी मुले, यांच्या कुंडल्या एकमेकींपासून ओळखता येतात का? हा फरक इतका ढोबळ आहे की दाव्यात तथ्य असेल तर ते इथे दिसायलाच हवे. शिवाय उत्तर दोनच प्रकारचे असल्यामुळे बरोबर आणि चूक सरळ मोजता येतात.

दुसरी पायरी : आधी काय माहीत आहे ते पाहावे, आणि ते कुठून आले तेही

दही का लागते हे माहीत आहे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दुधातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, आम्लात रूपांतर करतात. आम्लता वाढत जाऊन पीएच (आम्लतेचे माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास आला की दुधातील केसीन हे प्रथिन एकत्र येऊन जाळी धरते आणि दूध थिजते. विरजण म्हणजे या जिवाणूंची वसाहत. एवढे कळले की देठाच्या दाव्यामागे काय असू शकेल याचा अंदाज करता येतो, आणि चाचणीची मांडणी त्यावरूनच सुचते.

वाचताना मात्र माहितीचे मूळ शोधण्याची सवय लावून घ्यावी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे वारंवार छापून येते. ते ग्रहण खरे आहे आणि लॉकियर यांचा विजयदुर्गाशी संबंधही खरा आहे. पण १८६८ च्या ग्रहणाचे जे वेध गाजले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथून घेतले होते. हेलियमची खूण सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या सुट्या केलेल्या रंगांत, दिसली; लॉकियर यांनी त्या वर्षी ते निरीक्षण केले ते ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून. ते विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवर हेलियम वेगळा काढल्यानंतर. दोन ग्रहणे, एक माणूस आणि एक किल्ला यांची कुठेतरी सरमिसळ झाली आणि पुढे प्रत्येकाने आधीच्याचे वाचून लिहिले. दहा ठिकाणी छापलेली माहिती दहा जणांनी स्वतंत्रपणे तपासलेली असतेच असे नाही. बहुधा एकानेच ती कधीतरी लिहिलेली असते.

तिसरी पायरी : गृहीतक मांडावे आणि ते कशाने पडेल हे आधी लिहावे

गृहीतक म्हणजे आपल्या प्रश्नाचे तात्पुरते, तपासण्याजोगे उत्तर. दह्यासाठी ते असे मांडता येईल: मिरचीच्या देठावर आम्ल तयार करणारे जिवाणू असतात आणि तेच विरजणाचे काम करतात. याला प्रतिस्पर्धी गृहीतकेही हवीत. दूध देठातील एखाद्या रसायनामुळे थिजत असेल, किंवा देठाचा काही संबंधच नसेल आणि भांड्यातले, हवेतले किंवा हाताचे जिवाणू हे काम करत असतील.

प्रत्येक गृहीतकातून वेगळे भाकीत निघाले पाहिजे. काम जिवाणूंचे असेल तर देठ आधी चांगले उकळून घेतल्यावर परिणाम नाहीसा व्हावा. संबंध भांड्याचा असेल तर देठ नसलेले दूधही तितक्याच वेळा घट्ट व्हावे. इथे एक बारकावा आहे, आणि नवशिके त्यात हमखास घसरतात. उकळलेल्या देठांनीही दही लागले, तर जिवाणूंचे गृहीतक अडचणीत येते. पण लागले नाही, तर ते सिद्ध होत नाही, कारण उष्णतेने जिवाणूंप्रमाणे एखादे रसायनही निकामी होते आणि उकळताना ते पाण्यात उतरूनही जाते. एकच निकाल एका बाजूने जितके सांगतो तितके दुसऱ्या बाजूने सांगतोच असे नाही.

आपले गृहीतक पडताना पाहण्याची तयारी किती लागते, हे मलेरियाचा शोध घेणारे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांच्या कामातून दिसते. डासांचा मलेरियाशी संबंध असावा हे त्यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांचे मत होते, आणि डास पाण्यात मरून पडतात व ते पाणी पिऊन माणसाला आजार होतो, असा मॅन्सन यांचा तर्क होता. रॉस यांनी भारतात तो तपासला. असे पाणी प्यायलेल्या पहिल्या काही माणसांपैकी एकाला तापही आला. तिथेच थांबले असते तर चुकीचा तर्क ‘सिद्ध’ झाला असता. पण त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि तर्क टिकला नाही. पुढे दोन वर्षे ते डासांची पोटे फाडून पाहत राहिले आणि हाती काही लागले नाही, कारण ते डास मलेरिया वाहून नेणाऱ्या जातीचे नव्हते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या, म्हणजे अ‍ॅनोफिलिसच्या, जठराच्या भिंतीत त्यांना परजीवी सापडला. आधीचे नकारात्मक निकाल त्यांनी नीट नोंदवलेले होते, म्हणून डासांच्या जातीत फरक असू शकेल हे ध्यानात येऊ शकले.

चौथी पायरी : मांडणी

या पायरीवर घाई करू नये. चुकीच्या मांडणीतून आलेले आकडे पुढे कितीही हुशारीने तपासले तरी ते सुधारत नाहीत.

पहिली गरज तुलनेची. नुसत्या देठाच्या वाटीवरून काहीच कळत नाही. तिच्या शेजारी, देठ सोडून बाकी सगळे तसेच असलेली वाटी हवी. दह्यासाठी चार प्रकारच्या वाट्या घ्याव्यात: नुसते दूध, दूध आणि ताजे देठ, दूध आणि पाच मिनिटे उकळलेले देठ, आणि दूध व नेहमीचे विरजण. विरजणाची वाटी कशाला, असे वाटेल. ती मांडणीची राखण करते. त्या दिवशी विरजणाच्या वाट्याही लागल्या नाहीत, तर दूध जास्त गरम होते किंवा रात्र फार थंड होती असे समजावे आणि त्या रात्रीच्या निकालावरून देठाबद्दल काहीच बोलू नये.

बाकी सगळे ‘तसेच’ ठेवणे हे बोलण्याइतके सोपे नाही. एकाच पातेल्यातले दूध उकळून, निवू देऊन, मापाने सगळ्या वाट्यांत ओतावे. वाट्या आणि चमचे उकळत्या पाण्यातून काढून घ्यावेत. वाट्या एकाच जागी ठेवाव्यात. एक शेगडीजवळ आणि एक खिडकीशी असे झाले तर आपण देठाची नव्हे, उबेची परीक्षा घेतो.

दुसरी गरज पुनरावृत्तीची. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन, म्हणजे एकूण बारा वाट्या मांडाव्यात आणि सगळा खटाटोप निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करावा. एकाच प्रकारच्या तीन वाट्यांत किती फरक पडतो हे कळल्याशिवाय दोन प्रकारांतला फरक किती मोठा मानायचा ते ठरवता येत नाही.

तिसरी गरज चिठ्ठ्यांची. कोणती वाटी कुठे ठेवायची हे आपण ठरवू नये. बारा चिठ्ठ्या करून उचलाव्यात, कारण मन नकळत आवडती वाटी उबदार कोपऱ्यात सरकवते. माणसांवरच्या चाचण्यांत हा मुद्दा जिवाशी येतो. जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात ती स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी दिसला आणि लसीत गुण होताच. पण मांडणी म्हणून पाहिले तर एक शंका राहते. जे आपणहून पुढे येतात ते मागे राहणाऱ्यांपेक्षा आधीच अधिक धडधाकट किंवा अधिक काळजी घेणारे असू शकतात. म्हणून आजच्या चाचण्यांत लस कोणाला आणि नुसते खारे पाणी कोणाला, हे नशिबावर सोपवतात. त्यालाच यादृच्छिक विभागणी म्हणतात.

चौथी गरज आंधळेपणाची, आणि माझ्या मते नवशिक्याने सर्वात आधी शिकावी ती हीच. निकाल पाहणाऱ्याला कोणती वाटी कसली आहे हे माहीत नसावे. दह्यात अडचण अशी की देठ वाटीत दिसतात. त्यावर उपाय असा: उकळून घेतलेल्या मलमलीच्या छोट्या पुरचुंड्या कराव्यात, देठ त्यांत बांधावेत, आणि नुसत्या दुधाच्या व विरजणाच्या वाट्यांतही तशीच रिकामी पुरचुंडी सोडावी. सगळ्या वाट्या बाहेरून सारख्या दिसतील, आणि कापडाचा काही परिणाम होत असेल तर तो सगळीकडे सारखाच होईल. बुडाला क्रमांक चिकटवावेत, यादी एकाने बंद पाकिटात ठेवावी आणि सकाळी वाट्या दुसऱ्याने पाहाव्यात. निकाल लिहून झाल्यावरच पाकीट फोडावे. वाट्यांतले दही मात्र कोणीही चाखू नये. त्यात कोणते जिवाणू वाढले आहेत हे आपल्याला माहीत नाही.

ही खबरदारी फक्त हौशी लोकांसाठी आहे असे समजू नये. १९०३ मध्ये ब्लोंदलो या नावाजलेल्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ नावाचे नव्या प्रकारचे किरण शोधल्याचे जाहीर केले आणि इतर अनेकांनाही ते दिसू लागले. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि ज्याच्याशिवाय किरण दिसायलाच नको होते तो उपकरणातला लोलक (प्रिझम) त्यांनी अंधारात हळूच काढून घेतला. ब्लोंदलो यांना किरण पूर्वीसारखेच दिसत राहिले. ते लबाड नव्हते. त्यांना खरोखरच दिसत होते.

पुण्याच्या चाचणीत हे सगळे पाळलेले आढळते. सुमारे दोनशे मुलांच्या जन्मवेळा पालकांकडून घेतल्या, सगळ्या कुंडल्या संगणकावर एकाच पद्धतीने मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली याची यादी विद्यापीठात सुरक्षित ठेवली. ज्योतिषांनाही ती माहीत नव्हती आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही नव्हती. अशा मांडणीला दुहेरी आंधळी चाचणी म्हणतात. चाचणीची घोषणा १२ मे २००८ रोजी पत्रकार परिषदेत केली. प्रत्येक ज्योतिषाला चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या ४० कुंडल्या मिळणार आणि ज्योतिष संस्थांना सगळ्या २०० मिळणार, हे सर्वांना आधीच सांगितले होते. नियम आधी जाहीर झाले की नंतर ते वाकवण्याची सोय कोणालाच उरत नाही, चाचणी घेणाऱ्यांनाही नाही.

पाचवी पायरी : वही

शाळेत लंबकाचा प्रयोग केलेल्या अनेकांना हे आठवेल: गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.८ यायला हवे हे ठाऊक असल्यामुळे आधी उत्तर लिहायचे आणि मग मागे जाऊन दोलनांच्या वेळा त्याला जुळवून बसवायच्या. मीही ते केले आहे आणि त्याला पूर्ण गुण मिळाले आहेत. त्या सवयीची उलटी सवय आता लावायची आहे.

वही बांधलेली असावी आणि शाईने लिहावी. चूक झाली तर खोडरबर न वापरता एक रेघ मारावी, खालचे वाचता येईल अशी. तारीख, वेळ, दुधाचा प्रकार, खोलीचे तापमान, देठ किती वेळापूर्वी तोडले, हे सगळे तिथल्या तिथे लिहावे. ‘संध्याकाळी आठवून लिहू’ म्हटलेले कधीच नीट आठवत नाही. जे पाहिले ते एका रकान्यात आणि त्यावरून जे वाटले ते दुसऱ्या रकान्यात. ‘वाटी ७, सकाळी ६.४०, पृष्ठभाग घसरला, कडेला पाणी’ ही नोंद आहे; ‘वाटी ७ बिघडली’ हे मत आहे. एखादी वाटी मांजराने पाडली तर तेही लिहावे. नकोशी वाटी वगळण्याचा मोह निकाल पाहिल्यावर होतो, म्हणून कोणत्या कारणाने वाटी बाद धरायची याचे नियम निकालापूर्वीच वहीत असावेत.

सहावी पायरी : नशिबाचा हिशेब

आकडे हाती आले की पहिला प्रश्न विचारावा: यात नुसत्या योगायोगाने किती आले असते? हे समजण्याचा उत्तम मार्ग म्हणजे रुपयाचे नाणे. घरातल्या प्रत्येकाने ४० वेळा नाणेफेक करावी आणि छापे मोजावेत. प्रत्येकाचे २० येणार नाहीत. कोणाचे १७ येतील, कोणाचे २३. गणित सांगते की ४० पैकी २४ किंवा अधिक छापे साधारण साडेसात जणांमागे एकाला निव्वळ नशिबाने मिळतात. २८ किंवा अधिक मिळण्याची शक्यता मात्र शंभरात एकापेक्षाही कमी असते.

आता पुण्याचे आकडे या नाण्याशेजारी ठेवा. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागितल्या आणि त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४ ची, आणि तीही एकाचीच. नुसती नाणी फेकणाऱ्या २७ जणांत २४ किंवा अधिक गुणांचे तीन-चार जण अपेक्षित असतात. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के होती. ज्या एका संस्थेने २०० कुंडल्यांची उत्तरे दिली तिची १०२ बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के.

त्या २४ वाल्या ज्योतिषाबद्दलच बातमी आली असती तर? ‘साठ टक्के अचूक’ असा मथळा झाला असता आणि त्यात एकही शब्द खोटा नसता. खूप जणांची परीक्षा घेतली की कोणीतरी वर येतोच. २७ जणांत एखाद्याला निव्वळ नशिबाने २८ मिळण्याची शक्यतासुद्धा साधारण पाचांत एक आहे, त्यामुळे असा एखादा निघाला तर त्याला नव्या कुंडल्या देऊन पुन्हा पाहणे हाच मार्ग असतो. एखाद्या चाणाक्ष वाचकाला उलटा प्रश्न पडेल: ४६ टक्के हे ५० पेक्षा कमीच आहे, मग ज्योतिषांना उलटे काही कळते का? घाईने तसे म्हणू नये. २७ जणांना मिळून १०८० कुंडल्या गेल्या, पण त्या होत्या त्याच दोनशेतल्या. एकच कुंडली सरासरी पाच जणांपुढे आली, आणि हे सगळे जण बरेचसे सारखेच नियम लावतात. नियमाने एका कुंडलीवर घात केला की तो पाच ठिकाणी मोजला जातो. अशा निकालांना १०८० स्वतंत्र नाणेफेकी मानता येत नाही.

दह्याच्या वाट्यांनाही हेच लागू आहे. एकाच रात्रीच्या, एकाच पातेल्यातल्या तीन वाट्या पूर्ण स्वतंत्र नसतात. तीन रात्री प्रयोग करा, असे सांगण्यामागचे कारण तेच होते.

सातवी पायरी : निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच

तीन रात्रींत ताज्या देठांच्या नऊपैकी आठ वाट्या लागल्या आणि नुसत्या दुधाची एकच लागली, असे समजा. यावरून ‘आमच्या घरी, या दुधात, या मिरच्यांच्या देठांनी दही लागण्याचे प्रमाण बरेच वाढले’ एवढे म्हणता येते. ‘देठावरचे जिवाणूच दही लावतात’ असे म्हणता येत नाही. त्यासाठी देठावरचे जिवाणू वेगळे वाढवून, तेवढेच दुधात घालून पाहावे लागेल. ‘मिरचीतच काही खास आहे’ असेही म्हणता येत नाही, कारण कोथिंबिरीचे किंवा पालकाचे देठ आपण ठेवलेलेच नव्हते. पुढचा प्रयोग कोणता करायचा, हे असे आपोआप ठरते. प्रत्यक्षातले संशोधन तक्त्याप्रमाणे वरून खाली जात नाही. निष्कर्षापाशी पोचलेला माणूस बहुतेक वेळा पुन्हा मांडणीकडे वळलेला असतो, आणि पुष्कळदा पार पहिल्या प्रश्नाकडेच.

पुण्याच्या चाचणीची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. कुंडलीवरून बुद्धिमत्तेचा गट ओळखता येतो, या दाव्याला तिच्यात आधार मिळाला नाही. विवाह, प्रवास, आजार यांबद्दलचे दावे तिने तपासलेच नव्हते. ज्याला ते दावे करायचे असतील त्याने असाच तपासण्याजोगा प्रश्न बनवून आणावा. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा, हा विज्ञानातला जुना रिवाज आहे.

जिथे प्रयोग करता येत नाही तिथे काय करायचे, असा प्रश्न नवशिके नेहमी विचारतात. ताऱ्यांना वाटीत ठेवता येत नाही हे खरे, पण भाकीत आधी लिहून ठेवता येते आणि मग निरीक्षण करता येते. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत आधी सांगणे हे त्याचेच उदाहरण आहे. मुद्दा वाट्यांचा नाही. उत्तर कळण्यापूर्वी आपण कशाला बांधून घेतले होते, हा आहे.

आठवी पायरी : दुसऱ्याच्या हाती द्यावे

काम झाल्यावर ते अशा प्रकारे लिहावे की अनोळखी माणसाला आपल्याला एकही प्रश्न न विचारता ते पुन्हा करता येईल. पुण्याच्या गटाने आपले निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये आकड्यांसह प्रसिद्ध केले, त्यामुळे कोणालाही ते तपासता आले आणि त्यांवर आक्षेपही घेता आले. लिखाण देण्यापूर्वी आपल्याशी हमखास असहमत असणारी एक व्यक्ती शोधून तिला वही दाखवावी. देठाने दही लागते यावर आजीची श्रद्धा असेल आणि निकाल उलटा आला असेल, तर सर्वात उपयोगी परीक्षक आजीच. ती विचारेल, ‘मिरच्या फ्रिजमधल्या होत्या का रे? देठ धुतले होतेस का?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरे वहीत नसतील तर पुढच्या रात्री मंडईतल्या ताज्या, न धुतलेल्या मिरच्यांचे देठ घेऊन आणखी तीन वाट्या मांडाव्या लागतील.